मॉर्मन नेत्यांची पत्रे आणि खासगी कागदपत्रे पाहण्यासाठी: पात्रता, ओळखपत्र व अर्ज

मॉर्मन म्हणजे 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' या अमेरिकेत उगम पावलेल्या ख्रिस्ती पंथाचे अनुयायी. त्यांच्या नेत्यांची मूळ पत्रे पाहण्यासाठी एकच खिडकी नाही. अमेरिकेतील यूटामध्ये धर्मपद आणि राजकीय पद अनेकदा एकाच व्यक्तीकडे असल्यामुळे दप्तरेही विखुरली आहेत. ब्रिगहॅम यंग हे या चर्चचे अध्यक्ष आणि यूटा प्रदेशाचे पहिले गव्हर्नर होते. त्यांचे कार्यालयीन दप्तर सॉल्ट लेक सिटीच्या चर्च हिस्टरी लायब्ररीत आहे. प्रेषितपदी (चर्चच्या वरिष्ठ नेतृत्वातील पद) असतानाच १९०३ ते १९३३ सिनेटर राहिलेल्या रीड स्मूट यांच्या रोजनिश्या मात्र प्रोव्होच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात आहेत. त्यामुळे आधी सूची पाहावी आणि मगच अर्ज करावा.

चर्च हिस्टरी लायब्ररीत अभ्यासासाठी चर्चचे सदस्यत्व लागत नाही आणि प्रवेशशुल्कही नाही. ऑनलाइन सूचीतून संग्रहाचा क्रमांक टिपून ठेवावा. हस्तलिखितांच्या क्रमांकाआधी 'एमएस' आणि चर्चच्या अभिलेखांच्या क्रमांकाआधी 'सीआर' ही अक्षरे असतात. यंग यांच्या दप्तराचा क्रमांक 'सीआर १२३४ १' असा आहे, त्यामुळे तो विसरणे कठीणच. बरेच साहित्य डिजिटल स्वरूपात घरबसल्या वाचता येते, म्हणून भारतातील अभ्यासकाने व्हिसाच्या खटपटीपूर्वी तेवढे तपासून घ्यावे. प्रत्यक्ष जायचे असल्यास छायाचित्र असलेले ओळखपत्र, परदेशी व्यक्तीने पासपोर्ट, सोबत ठेवावे. मूळ कागद हाताळताना पेनाऐवजी पेन्सिल वापरावी.

खरी अडचण निर्बंधित साहित्याची असते. पवित्र, खासगी किंवा गोपनीय मानलेला मजकूर, उदाहरणार्थ मंदिरविधींचे तपशील किंवा शिस्तभंगाच्या कारवाया, सरसकट खुला केला जात नाही. अशा वस्तूसाठी स्वतंत्र विनंती करताना 'संशोधनासाठी' एवढेच लिहिण्यापेक्षा नेमका कोणता कागद, कोणत्या प्रश्नासाठी आणि कोणत्या काळापुरता हवा आहे, हे स्पष्ट मांडणे हिताचे ठरते. तरीही नकार येऊ शकतो. चर्चचे माजी इतिहासकार लेनर्ड आरिंग्टन यांचे कागद लोगन येथील यूटा स्टेट विद्यापीठात २००१ साली खुले होताच त्यांतील काही भागावर चर्चने मालकी सांगितली आणि प्रकरण तडजोडीने मिटले. म्हणून संग्रहाच्या वर्णनातील दात्याच्या अटी बारकाईने वाचाव्यात.

एखाद्या पत्राचा उगम आणि हस्तांतराचा इतिहास सूचीत दिला असेल, तर तोही टिपून घ्यावा. मार्क हॉफमन याने १९८० च्या दशकात विकलेली बनावट मॉर्मन पत्रे जाणकारांनीही खरी मानली होती, आणि ते बिंग फुटू नये म्हणून त्याने १९८५ मध्ये बॉम्बस्फोट घडवून दोघांचा जीव घेतला.

वाचण्याची परवानगी म्हणजे छापण्याची परवानगी नव्हे. अमेरिकी कायद्यात अप्रकाशित पत्राचा स्वामित्वहक्क (कॉपीराइट) सर्वसाधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो. १९४१ मध्ये वारलेल्या स्मूट यांच्या बाबतीत ती मुदत संपली आहे, पण १९९४ मध्ये निधन झालेले चर्चचे अध्यक्ष एझ्रा टाफ्ट बेन्सन यांच्या खासगी पत्रांसाठी हक्कधारकाची लेखी संमती घ्यावी लागेल.