स्ट्यूला दाटपणा आणणे

स्ट्यूला दाटपणा आणणे : मांस, भाज्या किंवा कडधान्ये पाण्यात मंद आचेवर शिजवून केलेल्या स्ट्यूचा पातळ रस घट्टसर करण्याची पाकक्रिया. रस पुरेसा दाट झाला की तो फोडींना लपेटून बसतो आणि पदार्थ मिळून येतो. तसे न झाल्यास वाढताना फोडी एकीकडे आणि पाणी दुसरीकडे राहून पदार्थाचे चोथापाणी होते. स्ट्यूला शोभणारी दाटी पळीवाढी असावी, म्हणजे तो पळीने सहज वाढता यावा, पण ताटलीत पाण्यासारखा ओघळू नये. ती पाहण्यासाठी पळी रसात बुडवून काढावी आणि तिच्या पाठीवर बोटाने रेघ ओढावी. रेघेच्या दोन्ही कडा जागच्या जागी राहिल्या, तर रस आळला असे समजावे. रस रटरटत असताना मात्र ही परीक्षा फसवी ठरते, कारण पीठ आणि जिलेटिन (मांस शिजताना रसात उतरणारे प्रथिन) या दोहोंमुळे येणारी दाटी निवताना वाढते. म्हणून पातेले विस्तवावरून उतरवून दहा मिनिटे थांबावे आणि मगच निर्णय घ्यावा.

पाण्याचे रेणू लहान असल्यामुळे एकमेकांवरून सहज घसरतात. त्यांच्यामध्ये लांब साखळ्यांचे रेणू पसरले की त्यांची वाट अडते आणि रस सावकाश वाहू लागतो. असे रेणू स्ट्यूमध्ये मुख्यतः तीन ठिकाणांहून येतात : पिठातील स्टार्च, मांसातील कोलॅजेन (चिवट प्रथिन) आणि भाज्यांतील पेक्टिन (पेशी जोडून ठेवणारा घटक). यांपैकी शेवटचे दोन पातेल्यात आधीपासूनच असतात, त्यामुळे बाहेरून काही लावण्यापूर्वी त्यांना पुरेसा वेळ मिळाला आहे की नाही, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे होय. पातळ राहिलेला स्ट्यू पुष्कळदा केवळ अर्धवट शिजलेला असतो.

कोलॅजेन हे नळी, मान, शेपटी अशा सतत हालचाल होणाऱ्या भागांत भरपूर असते. त्याच्या एकमेकींत पिळलेल्या तीन पेडी ओलसर उष्णतेत हळूहळू सुटतात आणि त्यांचे जिलेटिन होऊन रसात उतरते. ही क्रिया सावकाश चालते. चिवट मांसाला मंद आचेवर दोन ते तीन तास लागतात. जिलेटिनने आलेली दाटी पिठासारखी जाणवत नाही. ओठ किंचित चिकटतात, आणि तोच रस रात्रभर शीतकपाटात ठेवला तर सकाळी जेलीसारखा थरथरतो. चवीला कोणताही अडथळा न आणणारी ही दाटी सर्वांत उत्तम मानावी. भाज्यांच्या बाबतीत, पिठूळ जातीच्या बटाट्याच्या चार-पाच शिजलेल्या फोडी पळीच्या पाठीने पातेल्याच्या कडेला दाबून मोडल्या आणि रसात ढवळल्या, तरी काही मिनिटांत फरक दिसतो. टोमॅटो किंवा इतर आंबट पदार्थ आधी घातल्यास मात्र भाज्या मऊ होण्यास वेळ लागतो आणि बटाटा फुटत नाही. म्हणून तो मऊ झाल्यावरच आंबट घालावे. शिजलेली डाळ किंवा कडधान्ये घोटून घातल्यानेही चांगली दाटी येते.

रस आटवणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे. झाकण काढून, शक्य तर पसरट पातेल्यात, रस उकळत ठेवला की वाफ निघून जाते आणि उरलेले सारे घटक एकवटतात. त्यात मीठही येते : २ लिटर रसात १६ ग्रॅम मीठ असेल तर त्याचे प्रमाण ०.८ टक्के असते, पण तोच रस दीड लिटरवर आला की ते १ टक्क्याच्या पुढे जाते. त्यामुळे आटवायचा रस आधी अळणीच ठेवावा. फोडी मोडण्याची भीती असेल तर त्या झाऱ्याने काढून घेऊन नुसता रस आटवावा.

पीठ लावणे हा उपाय झटपट असला तरी त्यातच सर्वाधिक चुका होतात. स्टार्चचे कण थंड पाण्यात जवळजवळ तसेच राहतात. साधारण ६० अंश सेल्सियसच्या आसपास ते पाणी शोषून फुगू लागतात आणि उकळीजवळ पूर्ण दाटी देतात. कोरडे पीठ थेट गरम रसात टाकले तर त्याच्या बाहेरच्या थराची तत्क्षणी खळ होते, आतपर्यंत पाणी पोहोचत नाही आणि गुठळी होते. ती फोडली तर मध्ये पांढरे कोरडे पीठ सापडते. म्हणून कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून, रस ढवळत बारीक धारेने सोडतात. मैदा आधी तितक्याच लोण्यात मंद आचेवर परततात, किंवा मऊ लोण्यात मळून त्याच्या लहान गोळ्या रसात विरघळवतात. दोन्हींत स्निग्धतेचे वेष्टण कणांना एकमेकांपासून दूर ठेवते. मैदा जितका तांबूस परतावा तितकी चव खमंग होते, पण दाट करण्याची ताकद घटते. मांसाच्या फोडी मैद्यात घोळवून परतल्या, तर हेच काम सुरुवातीलाच होऊन जाते.

१ कप, म्हणजे सुमारे २४० मिलिलिटर, पातळ रसाला १ मोठा चमचा कॉर्नफ्लोअर किंवा २ मोठे चमचे मैदा पुरतो. स्ट्यूच्या रसात थोडी दाटी आधीच असते, त्यामुळे निम्म्यापासून सुरुवात करावी. मैद्याची कच्ची चव जाण्यासाठी तो काही मिनिटे उकळू द्यावा लागतो आणि त्याने रस गढूळ होतो. कॉर्नफ्लोअरने तो चकचकीत राहतो. कॉर्नफ्लोअर लावल्यावर एकदा उकळी येऊ द्यावी, पण नंतर जोराने घोटत राहू नये, कारण फुगलेले कण फुटून रस पुन्हा पातळ होतो. व्हिनेगरसारखे आम्ल फार वेळ उकळल्यानेही स्टार्चच्या साखळ्या तुटतात. अंड्याच्या बलकानेही दाटी येते. तो आधी थोड्या गरम रसात कालवून शेवटी घालावा आणि त्यानंतर उकळू नये, नाहीतर तो फुटतो. झँथन गम (दाटी आणणारी एक पूड) थंड रसातही काम करतो, पण तो किंचित जास्त झाला तरी रस बुळबुळीत लागतो.

फार दाट झालेल्या स्ट्यूत गरम पाणी किंवा सूप थोडे थोडे घालून तो सारखा करावा आणि मीठ पुन्हा चाखावे. चाखलेला चमचा निवलेल्या पातेल्यात परत घालू नये : लाळेतील अमायलेज हे विकर (एन्झाइम) स्टार्चचे विघटन करते आणि रस सुटून पातळ होतो. मैदा किंवा कॉर्नफ्लोअर लावलेला स्ट्यू गोठवून पुन्हा वितळवला की स्टार्च पाणी सोडतो आणि रस फाटल्यासारखा दिसतो. म्हणून गोठवायचा भाग पीठ लावण्यापूर्वीच बाजूला काढावा आणि खाण्याच्या दिवशी गरम करताना त्याला पीठ लावावे.