गरम तारेचा कटर: व्होल्ट नव्हे, मीटरमागे वॅट मोजा

थर्माकोल करवतीने कापला की घरभर दाणे होतात आणि पेपर कटरने कापला की कडा फाटतात. नायक्रोम या मिश्रधातूच्या तापलेल्या तारेने कापला तर एकही दाणा उडत नाही आणि पृष्ठभाग सपाट निघतो. आर्किटेक्चरचे विद्यार्थी मॉडेलचे डोंगरउतार असेच कापतात, रेडिओवर चालणाऱ्या विमानांचे पंखही असेच कापले जातात. मखरासाठी मात्र हा कटर करायला घेऊ नका. महाराष्ट्रात सजावटीसाठी थर्माकोल वापरायला २०१८ पासून बंदी आहे.

नवखा माणूस हा कटर बनवायला घेतो तेव्हा बहुतेक वेळा एकाच जागी चुकतो. हाताला लागेल ती तार घेतो, घरातला १२ व्होल्टचा ॲडॉप्टर जोडतो आणि तार लालभडक होते. थर्माकोल कापला जाण्याऐवजी जळतो, काळा धूर निघतो, फट बोटभर रुंद होते. मग तो ‘कमी व्होल्टचा’ चार्जर शोधतो आणि तार कोमट राहते. इथे नुसत्या व्होल्टवरून काहीच ठरत नाही. तारेच्या प्रत्येक मीटरमध्ये किती वॅट उष्णता तयार होते, यावर सगळं अवलंबून आहे. हे गणित आधी केलं तर कटर पहिल्याच दिवशी नीट चालतो.

तार नायक्रोमचीच का, ते पाहू. सुमारे ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियमच्या या मिश्रधातूचं पेटंट अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांना १९०६ मध्ये मिळालं आणि टिकाऊ घरगुती विजेचा टोस्टर त्यानंतरच शक्य झाला. नायक्रोमचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, तांब्याच्या जवळजवळ ६४ पट असतो, त्यामुळे थोड्या लांबीत पुरेशी उष्णता मिळते. तापल्यावर तारेवर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर धरतो आणि आतला धातू हवेपासून वाचतो. लोखंडाची तार अशा वेळी खपल्या धरून झिजत जाते. तिसरा गुण नवख्यांच्या फार कामाचा आहे: तापमान वाढलं तरी नायक्रोमचा रोध फारसा बदलत नाही. खोलीच्या तापमानापासून ३०० अंशांपर्यंत हा फरक ५ टक्क्यांच्या आतच राहतो. म्हणून थंड तारेवर केलेलं गणित तापलेल्या तारेलाही लागू पडतं.   

मुंबईत ही तार शोधायला ग्रँट रोड स्टेशनाजवळचा लॅमिंग्टन रोड किंवा इलेक्ट्रिकल मालासाठी लोहार चाळ गाठावी. दुकानात ‘२८ नंबर’ मागितली की खरी गंमत सुरू होते. हा नंबर तारेच्या जाडीचा. आपल्याकडे तार बहुतेक एसडब्ल्यूजी या ब्रिटिश मापाने विकली जाते, इंटरनेटवरची कोष्टकं मात्र बहुतेक एडब्ल्यूजी या अमेरिकी मापाची असतात. एसडब्ल्यूजी २८ म्हणजे ०.३७६ मिमी, तर एडब्ल्यूजी २८ म्हणजे ०.३२१ मिमी. पहिलीचा रोध मीटरला सुमारे ९.८ ओहम, दुसरीचा १३.५ ओहम. एवढ्या फरकाने सगळं गणित चुकतं. म्हणून तार घरी आणली की ५० सेंमी लांबी मोजून मल्टिमीटर लावा. त्याआधी मल्टिमीटरची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवा, जे ०.२ किंवा ०.३ ओहम दिसतील ते मोजमापातून वजा करा. आकडा ४.९ च्या आसपास आला तर तार एसडब्ल्यूजी २८ आहे. ६ च्या वर गेला तर ती बारीक तरी आहे किंवा नायक्रोम नाही. लोहचुंबक लावून बघा. लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमची कांथल जातीची तार चुंबकाला चिकटते, नायक्रोम चिकटत नाही. कांथलनेही कटर होतो, फक्त आकडे नव्याने मांडावे लागतात. शेगडीची तयार कॉइल उलगडून सरळ करायचा मोह आवरा. तिचे वळसे पूर्ण जात नाहीत आणि काप लाटांसारखा येतो.

आता गणित. थर्माकोल सुमारे १०० अंशांना मऊ पडायला लागतो. कापताना तार २०० ते २५० अंशांवर असली की पुरे. एसडब्ल्यूजी २८ च्या तारेला स्थिर हवेत त्यासाठी मीटरमागे साधारण २० वॅट लागतात. वॅट म्हणजे विद्युतधारेचा (अँपिअरचा) वर्ग गुणिले रोध. २० ला ९.८ ने भागून वर्गमूळ काढलं की १.४३ अँपिअर येतात. या तारेतून एवढी धारा गेली की काम झालं, मग तार वीतभर असो की हातभर. लांबी वाढली की बदलतात ते फक्त व्होल्ट, मीटरला १४ या हिशेबाने. ४० सेंमी तारेला ५.६ व्होल्ट, ६० सेंमीला ८.४ आणि ८५ सेंमीला जवळजवळ १२. म्हणजे १२ व्होल्टचा ॲडॉप्टर ८५ सेंमी तारेला थेट चालतो, पण तोच ४० सेंमी तारेला लावला तर ३ अँपिअर धारा वाहते, मीटरमागे ९० वॅटच्या वर उष्णता होते आणि तार लाल होते. सुरुवातीला सांगितलेला धूर तो हाच.

पहिल्या कटरसाठी ४० सेंमी तार सोयीची. तिला १२ व्होल्ट, २ अँपिअरचा बीआयएस नोंदणीचं चिन्ह असलेला ॲडॉप्टर आणि मध्ये व्होल्ट कमी करणारं एलएम२५९६ चं बक मॉड्यूल पुरतं. मॉड्यूलवरचा पितळी स्क्रू बरेच वेढे फिरतो. सुरुवातीचे काही वेढे फिरवूनही आकडा हलत नाही आणि मॉड्यूल बिघडलं असं वाटतं. फिरवत राहा, आकडा उतरतो. तार जोडण्याआधीच आउटपुटवर मल्टिमीटर लावून ४ व्होल्ट करून ठेवा आणि मध्ये एक पुश बटण घाला. बोट उचललं की तार बंद झाली पाहिजे.

पंख्याचा रेग्युलेटर किंवा डिमर लावून २३० व्होल्टवर थेट तार तापवण्याचे व्हिडिओ फिरतात. ते करू नका. डिमर व्होल्ट कमी करतो, पण तार घरच्या लाइनपासून वेगळी करत नाही. उघड्या तारेला हात लागला तर माणूस दगावू शकतो. ॲडॉप्टरच्या आत ट्रान्सफॉर्मर असतो आणि तो ही फारकत करतो, म्हणून ॲडॉप्टरच हवा.

चौकटीत सगळ्यात जास्त लक्ष ताणाकडे द्यावं लागतं. ४० सेंमी तार ३० अंशांवरून २५० अंशांवर गेली की सुमारे १.२ मिमी लांबते. हे किरकोळ वाटतं, पण दोन पक्क्या खिळ्यांमध्ये ताणलेली तार एवढी लांबली की मधोमध सुमारे १३ मिमी खाली झुकते! सरळ काप मग येणार कुठून? यासाठी जुन्या सुतारी चौकटीच्या करवतीची रचना उत्तम. २५ सेंमीचे दोन लाकडी हात, मध्ये आडवी पट्टी, खालच्या टोकांमध्ये तार आणि वरच्या टोकांमध्ये स्प्रिंग. आडवी पट्टी हातांना एकेका बोल्टने सैल जोडा, म्हणजे हात तिथे फिरतील. तार लांबली की स्प्रिंग हातांची वरची टोकं जवळ ओढते, खालची टोकं फाकतात आणि तार पुन्हा ताठ होते. या रचनेत स्प्रिंगमधून वीज जात नाही, हेही महत्त्वाचं. तारेच्याच रांगेत स्प्रिंग लावली तर ती तापते आणि तिचा ताण जातो. बोटाने छेडल्यावर गार तारेचा स्पष्ट सूर ऐकू आला की ताण बरोबर.

टोकांना ४ मिमीचे पितळी बोल्ट घ्या. नागदेवी स्ट्रीटवर सुटे मिळतात. तार दोन वॉशरमध्ये एक वेढा देऊन धरा आणि नट आवळा. सोल्डरचा डाग देऊन जोडू नका. तारेवरच्या ऑक्साइडमुळे सोल्डर धरत नाही आणि धरलं तरी ते १८३ अंशांनाच मऊ पडायला लागतं. सैल जोड हा लपलेला दोष असतो. तिथे अर्धा ओहम रोध राहिला तर १.४३ अँपिअरला त्या एका ठिपक्यात १ वॅट उष्णता होते, लाकूड करपतं आणि तारेला मात्र धारा कमी मिळते. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत पितळ लवकर काळवंडतं. पावसाळ्यात वॉशर पॉलिश पेपरने घासून घ्या.

पहिल्यांदा तापवताना छताचा पंखा बंद करा. वाऱ्याने तारेची उष्णता भराभर जाते आणि व्होल्ट तेच असूनही ती थंड पडते. मग माणूस व्होल्ट वाढवतो, कोणी पंखा बंद करतं आणि थर्माकोल जळू लागतो. हवा खेळती मात्र हवीच, कारण वितळलेल्या पॉलिस्टायरीनमधून थोडं स्टायरीन निघतं. खिडकीशी बसा आणि एक्झॉस्ट पंखा असेल तर खोलीच्या दुसऱ्या टोकाचा लावा.

४ व्होल्टवर बटण दाबा, दहा सेकंद थांबा, ठोकळ्याच्या तुकड्यावर तार टेकवा. तिथून पाव-पाव व्होल्ट वाढवत न्या. तार थर्माकोलमध्ये मागे राहून धनुष्यासारखी वाकत असेल तर ती थंड आहे किंवा तुम्ही घाई करता आहात. फट रुंद होऊन कडा चकचकीत, आकसलेल्या दिसत असतील तर फार गरम आहे. बरोबर तापमानाला तार ठोकळ्यातून बाहेर पडताना केसांसारखे बारीक धागे सुटतात आणि कापलेला भाग मखमली दिसतो. दाबायचं नाही. तारेच्या पुढचा थर तिच्या उष्णतेनेच मऊ होऊन बाजूला होतो, हाताने फक्त वेग सारखा ठेवायचा. मध्ये थांबलात तर तिथे खळगा पडलाच.

विमानाच्या पंखासारखा आकार हवा असेल तर ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना सनमायकाचे साचे चिकटवा आणि दोन्हींवर १ ते १० असे सारखे आकडे लिहा. दोन माणसांनी दोन टोकं धरून आकडे मोठ्याने म्हणत पुढे जायचं. निमुळत्या पंखात एक साचा लहान असतो, तिथे तार हळू सरकते आणि जास्त वितळवते. त्यामुळे लहान टोक किंचित जाड साच्याचं ठेवावं लागतं.

कापायचं काय, हे नीट तपासा. खोक्यातला पांढरा थर्माकोल, दाट एक्सपीएस आणि पॅकिंगचा लवचीक ईपीई फोम चालतो. सनबोर्ड मुळीच नाही: तो पीव्हीसीचा असतो आणि तापला की हायड्रोजन क्लोराइड सोडतो. गादीचा पीयू फोमही नाही. तो जळला तर आयसोसायनेट आणि हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू निघतात आणि खिडकी उघडी ठेवणं त्यावर पुरेसं नाही.

काम झाल्यावर तारेवर तपकिरी राळ राहते. खिडकीशी नेऊन व्होल्ट ८ पर्यंत चढवा, चार-पाच सेकंदांत ती जळून जाते. मॉड्यूल परत ४ व्होल्टवर आणा आणि तार गार झाली की दोन्ही नट पुन्हा आवळा. तापून-गार होऊन ते दर वेळी थोडे ढिले पडतात.