कमांड अँड कॉन्कर : जनरल्स

नजीकच्या भविष्यातील युद्धावर बेतलेला संगणकीय खेळ. कॅलिफोर्नियातील ईए पॅसिफिक या स्टुडिओने तो घडवला आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीने फेब्रुवारी २००३ मध्ये विंडोज संगणकांसाठी बाजारात आणला. खेळणारे त्याला नुसते ‘जनरल्स’ म्हणतात.

प्रकाराने हा रिअल-टाइम स्ट्रॅटेजी, म्हणजे आरटीएस. बुद्धिबळात एकाची चाल झाली की दुसऱ्याची पाळी येते. इथे पाळीच नाही. तुम्ही विचार करत बसलात तरी समोरच्याचे रणगाडे चालतच राहतात. पैसा गोळा करायचा, तळ उभारायचा, फौज काढायची आणि ती लढवायची, हे सगळे एकाच वेळी, एकाच माउसने. वेस्टवुड स्टुडिओजने १९९२ च्या ‘ड्यून २’मध्ये या प्रकाराचा साचा पक्का केला आणि १९९५ पासून ‘कमांड अँड कॉन्कर’ मालिकेने तो लोकप्रिय केला. जनरल्स त्या मालिकेतला खरा, पण नावापुरताच. मालिकेची जुनी कथा नाही, जुने खलनायक नाहीत, नटांना घेऊन चित्रित केलेले प्रसंग नाहीत, पडद्याच्या कडेची बांधकामाची पट्टीही नाही. जुने चाहते चिडले ते उगीच नाही.

खेळात तीन पक्ष आहेत : अमेरिका, चीन आणि ‘ग्लोबल लिबरेशन आर्मी’ (जीएलए) ही काल्पनिक दहशतवादी संघटना. अशा बहुतेक खेळांत दोन्हीकडची सैन्ये थोड्या फरकाने सारखीच असतात. रंग बदलला की झाले. इथे तिघांचे अर्थकारणच वेगळे आहे. अमेरिका रसद आणते चिनूक हेलिकॉप्टरने, चीन ट्रकने, आणि जीएलएचे मजूर पाठीवरून. जवळची रसद संपली की अमेरिका विमानातून माल टाकून घेते, चीनचे हॅकर जमिनीवर मांडी ठोकून लॅपटॉपवरून पैसे ओढतात, तर जीएलए काळा बाजार उघडते. अमेरिका आणि चीन यांना वीज लागते. ती तुटली की अमेरिकेचे पॅट्रियट क्षेपणास्त्रतळ मुके होतात, म्हणून मुरलेला खेळाडू आधी वीजकेंद्र गाठतो. जीएलएला विजेची गरजच नाही.

चीनची ताकद संख्येत. एकाच जातीचे पाचएक रणगाडे किंवा सैनिक जवळजवळ ठेवले की त्यांचा माऱ्याचा वेग वाढतो. त्यांचा ‘ओव्हरलॉर्ड’ हा अवजड रणगाडा लहान रणगाड्यांना चिरडून पुढे जातो, पण इतका सावकाश की तो पोहोचेपर्यंत लढाई संपलेली असते. जीएलएला विमानदलच नाही. तिची भिस्त भुयारांवर आणि भंगारावर. एका भुयारात शिरलेली तुकडी नकाशाच्या दुसऱ्या टोकाला बाहेर पडते. शत्रूच्या फुटलेल्या गाडीचे भंगार उचलले की जीएलएच्या गाडीवर आधीपेक्षा मोठी तोफ बसते. तिची इमारत पाडली तरी जागेवर एक बीळ उरते आणि त्यातून निघालेला मजूर ती पुन्हा उभारू लागतो. मराठी माणसाला इथे गनिमी कावा आठवणारच, पण साधर्म्य दडी मारण्यापुरते आणि चपळाईपुरते. ट्रॅक्टरमधून विष फवारणाऱ्या आणि आत्मघाती बॉम्बर पाठवणाऱ्या संघटनेशी त्यापलीकडे तुलना होऊ शकत नाही.

लढताना अनुभव जमतो, सेनापतीची श्रेणी वाढते आणि त्या गुणांतून खास अधिकार विकत घेता येतात. खेळाचे नाव त्यावरूनच. प्रत्येक पक्षाकडे एक महास्त्रही असते : अमेरिकेची पार्टिकल कॅनन चार मिनिटांत, जीएलएचे नऊ स्कड क्षेपणास्त्रांचे ‘स्कड स्टॉर्म’ पाच मिनिटांत, तर चीनचे अण्वस्त्र सहा मिनिटांत सज्ज होते. महास्त्र उभे राहिले की त्याची उलटी मोजणी सगळ्यांच्याच पडद्यावर दिसू लागते. खेळाची खरी रंगत या मिनिटांत आहे. आतापर्यंत शांतपणे पैसे जमवत बसलेला माणूसही असेल नसेल ती फौज घेऊन धावत सुटतो.

‘नजीकचे भविष्य’ हा शब्द या खेळाबाबत जपून वापरावा लागतो. अमेरिकी मोहिमेचा पहिलाच टप्पा बगदादमध्ये घडतो. खेळ दुकानांत आला आणि साधारण पाच-सहा आठवड्यांत, मार्च २००३ मध्ये, अमेरिकेने खऱ्या इराकवर चढाई केली. शस्त्रांच्या बाबतीत मात्र भाकीत अनेकदा फसले. खेळातले अमेरिकेचे लढाऊ हेलिकॉप्टर म्हणजे ‘कोमांची’. लष्कराने तो प्रकल्प फेब्रुवारी २००४ मध्ये गुंडाळला, तोवर दोनच नमुने उडाले होते. शत्रूच्या रडारला सहज न दिसणारे एफ-११७ विमान २००८ मध्ये निवृत्त झाले. ‘ऑरोरा’ बॉम्बफेकी विमान तर खऱ्या जगात अफवेपलीकडे कधी गेलेच नाही. ड्रोन खेळात आहेत, पण ते गाडीच्या डोक्यावर घिरट्या घालणारे, तिची डागडुजी करणारे हरकामे. युक्रेनच्या युद्धात स्वस्त ड्रोन रणगाड्यांचा काळ ठरले. वीस वर्षांपूर्वीच्या या खेळात त्यांना तो मान नव्हता. पिकअप गाडीवर मशीनगन बसवलेली जीएलएची ‘टेक्निकल’ मात्र जशीच्या तशी खरी निघाली. अर्थात ती तेव्हाही जुनीच होती.

खऱ्या शहरांची नावे घेतल्याची किंमत खेळाने मोजली. चीनच्या मोहिमेची सुरुवात बीजिंगमधल्या लष्करी संचलनावर होणाऱ्या अणुस्फोटाने होते, आणि पुढे शत्रूला बुडवण्यासाठी चिनी सैन्य स्वतःच थ्री गॉर्जेस धरण फोडते. चीनमध्ये खेळावर बंदी आली. जर्मनीत तो अल्पवयीनांसाठी घातक माध्यमांच्या यादीत गेला. त्यानंतर तिथे ‘गेनेरेले’ नावाची सुधारित आवृत्ती काढण्यात आली. तिच्यात सैनिकांच्या जागी यंत्रमानव आहेत आणि आत्मघाती बॉम्बरच्या जागी चाकांवर धावणारा बॉम्ब. एवढ्याने युद्ध सौम्य झाले असे कोणाला वाटले असेल, हे कोडेच आहे.

सप्टेंबर २००३ मध्ये ‘झिरो अवर’ ही पुरवणी आली. आज जनरल्स खेळतो असे म्हणणारे बहुतेक जण हीच खेळत असतात. तिने प्रत्येक पक्षाला तीन, असे एकूण नऊ विशेषज्ञ सेनापती दिले : कोणी विमानांचा, कोणी अण्वस्त्रांचा, कोणी विषाचा. संगणकाने चालवलेल्या या सेनापतींना एकेक करून हरवण्याच्या प्रकारात ते लढाईभर खेळाडूला डिवचत राहतात.

लॅनवर, म्हणजे एकाच जागच्या संगणकांच्या जाळ्यावर, आठ जण एकत्र खेळू शकत. पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेत आणि इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलांत ज्यांनी हे केले, त्यांना ‘मिसमॅच’ हा शब्द आठवत असेल. या खेळात प्रत्येक संगणक संपूर्ण लढाई स्वतःच मोजतो. जाळ्यावरून जातात ते फक्त खेळाडूंचे हुकूम. एखाद्या यंत्राचे गणित केसभर चुकले की सगळ्यांची रणांगणे वेगळी होतात. मग खेळ मिसमॅचचा संदेश देऊन बंद पडतो, बहुधा कोणाचे तरी अण्वस्त्र सुटायला दहा सेकंद उरलेले असताना.

दुसरा भाग डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झाला, मग त्याचे मोफत ऑनलाइन खेळात रूपांतर करण्याचे ठरले आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये तो रद्दच झाला. २०१४ मध्ये खेळाडूंना इंटरनेटवरून जोडणारी गेमस्पायची सेवा बंद पडल्यावर ऑनलाइन लढतींची सोय चाहत्यांनी स्वतः उभारली. फेब्रुवारी २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने मूळ खेळाचा आणि ‘झिरो अवर’चा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्रॅम, जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला केला, त्यामुळे जुने दोष चाहत्यांना आता थेट मुळातच दुरुस्त करता येतात.