एर्मिताज

एर्मिताज : फ्रान्सच्या आग्नेय भागात ऱ्होन नदीच्या डाव्या तीरावर, ड्रोम विभागातील ताँ-लेर्मिताज या गावामागे उभी असलेली टेकडी आणि तिच्यावरील द्राक्षांपासून होणारी वाइन. फ्रेंच कायद्याने 1937 मध्ये या नावाला उगमस्थानदर्शक संरक्षण दिले. लागवडीखालील क्षेत्र जेमतेम 135 ते 140 हेक्टर, म्हणजे बोर्दो या नैर्ऋत्य फ्रान्समधील वाइन-प्रदेशातील एखाद्या मोठ्या शातोच्या (वाइन तयार करणाऱ्या वाड्याच्या) मळ्याहून फारसे अधिक नाही. तांबडी एर्मिताज सिराह या एकाच काळ्या जातीची. तीत 15 टक्क्यांपर्यंत मार्सान व रुसान ही पांढरी द्राक्षे मिसळण्याची कायद्याने मुभा असली, तरी तिचा उपयोग आज क्वचितच होतो. पांढरी एर्मिताजही दीर्घायुषी आहे. येथे मात्र तांबडीचाच विचार केला आहे.

सिराहच्या उगमाविषयी दीर्घकाळ मतभेद होते. इराणमधील शिराझहून ही वेल फोकाइयाच्या ग्रीकांनी इ.स.पू. सुमारे 600 मध्ये मासालिया (आजचे मार्सेय) वसवताना आणली, असे एक मत. दुसऱ्या मताप्रमाणे ती सिसिलीतील सिराक्यूजहून रोमन सम्राट प्रोबस याच्या कारकीर्दीत, तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात आली. तिसरी कथा स्थानिक आहे : दक्षिण फ्रान्समधील आल्बिजेन्शियन धर्मयुद्धातून परतलेला गास्पार द स्तेरिंबेर्ग हा सरदार 1224 मध्ये या टेकडीवर संन्यस्त वृत्तीने राहिला आणि त्याने वेल लावली. टेकडीच्या नावाचा उगम या कथेत सांगतात (एर्मिताज म्हणजे संन्याशाची कुटी). वाइनला ते नाव चिकटले ते मात्र बऱ्याच नंतर, बहुधा सतराव्या शतकाच्या आसपास. कथेतील संन्यासी खरा असला, तरी वेल त्यानेच आणली असे मानण्यास आधार नाही, कारण ऱ्होनच्या खोऱ्यातील द्राक्षशेती रोमनकाळापासून चालत आलेली आहे.

या वादाचा बराचसा निकाल 1998च्या सुमारास लागला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतील कॅरोल मेरेडिथ आणि माँपेल्ये येथील संशोधक यांनी डीएनए-तपासणीतून सिराहचे आईबाप निश्चित केले : माँदेझ ब्लांश ही साव्वामधील पांढरी जात आणि द्यूरेझा ही आर्देशमधील काळी जात. हे दोन्ही प्रदेश उत्तर ऱ्होनला लागून असल्याने सिराह याच परिसरात निपजली, हे मत आता ग्राह्य धरावे लागते. इराणी आणि सिसिलीय उगम मागे पडले. जन्मकाळ मात्र या तपासणीतून कळत नाही. प्लिनी या रोमन लेखकाने पहिल्या शतकात ऱ्होनकाठच्या व्हिएन भागातील ‘आलोब्रोगिका’ या काळ्या द्राक्षाचा उल्लेख केला आहे. ती सिराह किंवा तिची पूर्वज असावी, असे काही अभ्यासक सुचवतात. परंतु प्लिनीचे द्राक्ष थंडी पडल्यावर पिकणारे आहे, तर सिराह तितकी उशिरा पिकणारी नाही. त्यामुळे हे समीकरण जपूनच स्वीकारलेले बरे.

टेकडी दक्षिणाभिमुख असून उतार इतका तीव्र आहे की पुष्कळ ठिकाणी दगडी बांध घालून पायऱ्यांची शेती करावी लागते. वेली एकेका खांबाला बांधतात. पश्चिमेकडील ग्रॅनाइट वस्तुतः नदीपलीकडच्या मासिफ सांत्राल या डोंगराळ पठाराचाच तुटलेला भाग होय. तेथील बेसार या पट्ट्यातील वाइनला ताठ बांधा आणि भरपूर टॅनिन (तुरटपणा देणारे द्रव्य) मिळते. शेजारच्या मेआल पट्ट्यात गोटे व चुनखडीयुक्त माती असून ऊब अधिक, म्हणून वाइन भरदार. पायथ्याच्या ग्रेफ्यो पट्ट्यातली तुलनेने मऊ. या पट्ट्यांच्या वाइन एकत्र कराव्यात की वेगवेगळ्या बाटलीबंद कराव्यात, याविषयी उत्पादकांत दोन तट आहेत. मोवे येथील शाव्ह घराणे, ज्याची द्राक्षशेतीची परंपरा 1481 पर्यंत मागे नेतात, मिश्रणाच्या बाजूचे. शापुत्ये या उत्पादकांनी 1980च्या दशकाच्या अखेरीपासून स्वतंत्र पट्ट्यांच्या वाइनवर भर दिला.   टिकाऊपणाचा विचार केला तर मिश्रणाचा पक्ष अधिक सबळ वाटतो. पॉल झाबुले एने या उत्पादकांची ‘ला शापेल’ ही वाइन टेकडीवरील सेंट ख्रिस्तोफरच्या छोट्या प्रार्थनामंदिरावरून ओळखली जाते. तीही अनेक पट्ट्यांची असून तिची 1961 सालची वाइन विसाव्या शतकातील श्रेष्ठ वाइनमध्ये गणली जाते.

कोवळ्या एर्मिताजमध्ये काळी बोरवर्गीय फळे, जांभळी व्हायोलेट फुले आणि मिरी यांचा गंध येतो. मिरीच्या गंधास कारणीभूत असलेले रोटुंडोन हे संयुग ऑस्ट्रेलियन संशोधकांनी 2008 मध्ये ओळखले. तांबड्या वाइनमध्ये लिटरला सुमारे 16 नॅनोग्रॅम एवढ्या अत्यल्प प्रमाणातही ते जाणवते. चाचणीतील सुमारे एकपंचमांश व्यक्तींना मात्र चाचणीतील सर्वाधिक प्रमाणातही ते कळले नाही. चाखणाऱ्यांच्या टिपणांत एवढी तफावत का असते, याचे एक उत्तर येथे मिळते.

वाइन मुरते ती प्रामुख्याने द्राक्षाच्या साली व बियांतील टॅनिनमुळे. बुचावाटे शिरणाऱ्या किंचित प्राणवायूच्या साहाय्याने टॅनिनचे रेणू एकमेकांशी व सालीतील रंगद्रव्यांशी जोडले जातात. फार मोठे झालेले रेणू साका म्हणून तळाशी बसतात. जांभळट रंग विटकरीकडे झुकतो, तुरटपणा मवाळ होतो, फळांच्या जागी कातडे, ओला पालापाचोळा, सुके मांस असे गंध येतात. हा प्रवास सरळ नसतो : पहिली काही वर्षे मोकळी वाटणारी वाइन पुढे मिटते आणि पुन्हा खुलायला दहा-पंधरा वर्षे घेते. चांगल्या सालातील वाइन 20 ते 30 वर्षे सहज टिकते. 1961, 1978, 1990 यांसारख्या सालांच्या उत्तम बाटल्या त्याहूनही अधिक. साठवण मात्र 12-13 अंश सेल्सिअसच्या स्थिर तापमानात, अंधारात आणि बाटली आडवी ठेवून झालेली हवी. लहान बाटलीत द्रवाच्या मानाने प्राणवायू जास्त असल्याने वाइन लवकर मुरते.

या ताकदीचा व्यापारी उपयोगही झाला. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत बोर्दोचे व्यापारी आपल्या फिक्या वाइनला रंग व बळ देण्यासाठी तीत एर्मिताज उघडपणे मिसळत. 1795 सालच्या लाफित या बोर्दोच्या नामांकित वाइनमध्येही अशी भेसळ झाल्याचे त्यांच्याच पत्रव्यवहारात आढळते. तिला तेव्हा भेसळ म्हणत नसत, उलट ती गुणवत्तेची खूण होती.

सिराहची रोपे जेम्स बझ्बी यांनी 1832 मध्ये ऑस्ट्रेलियात नेली. तेथे ती शिराझ, तसेच हर्मिटेज (एर्मिताजचाच इंग्रजी उच्चार) या नावांनी पसरली. पेनफोल्ड्स या ऑस्ट्रेलियन उत्पादकाच्या प्रसिद्ध ग्रेंज वाइनच्या लेबलावर हर्मिटेज हा शब्द 1989 सालच्या उत्पादनापर्यंत होता. नाशिक परिसरातही शिराझची लागवड आहे. तेथे वेलीला हिवाळी विश्रांती नसते. एप्रिलमधील खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची फळछाटणी करून तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. त्यामुळे वेल एकच असली, तरी नाशिकची शिराझ बहुधा लवकर पिण्यासाठीच तयार करतात.