क्लाउड घेतला, आता सिक्युरिटी वेगळी घ्यायची का?

ठाणे-बेलापूर रस्त्यानं ऐरोलीहून महापेकडे जाताना काही इमारती अशा दिसतात, की त्यांना खिडक्या जवळजवळ नाहीतच. बाजूला डिझेल जनरेटरांची रांग, गच्चीवर थंडाव्याची यंत्रं, गेटवर कडक तपासणी. ही डेटा सेंटरं. 'आमचं सगळं क्लाउडवर आहे' असं आपण म्हणतो, तेव्हा ते सगळं अशाच कुठल्या तरी इमारतीतल्या डिस्कवर असतं. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत बस्तान बसवलं, ॲमेझॉननं २०१६ मध्ये मुंबई विभाग सुरू केला आणि गुगलनं २०१७ मध्ये. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. जनरेटरांची ती रांग अशाच दिवसासाठी असते. पोटमाळ्यावर सर्व्हर ठेवणाऱ्या दादरच्या ऑफिसला असली व्यवस्था कधीच परवडली नसती.

तरीही अंधेरी, ठाणे, वाशीतल्या छोट्या-मध्यम ऑफिसांमध्ये हल्ली एक वाद हमखास ऐकू येतो. विक्रेता कोटेशन घेऊन येतो आणि सांगतो, 'सर, क्लाउड मुळात सेफ नसतो, वरून सिक्युरिटी सॉफ्टवेअरचा संच घ्यावाच लागतो.' ऑफिसातला कोणी तरी लगेच म्हणतो, 'ॲमेझॉनला कोण हॅक करणार? हे सगळे धंदे आहेत.' माझ्या मते दोघंही अर्धवट बोलतात. क्लाउड कंपनीच्या वाट्याची सुरक्षा बहुतेक वेळा भक्कम असते. डेटा फुटतो तो बहुधा ग्राहकाच्या वाट्याच्या भागातून, आणि तिथलं पहिलं काम विकत घेण्याचं नसून आहे तेच नीट लावण्याचं असतं.

ही वाटणी क्लाउड कंपन्या स्वतःच जाहीर करतात. 'शेअर्ड रिस्पॉन्सिबिलिटी' या नावाखाली ती प्रत्येकीच्या कागदपत्रांत असते, आणि वाचत सहसा कोणी नाही. इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा भाड्यानं घेतल्यासारखंच आहे हे: इमारत, पाण्याची टाकी, थ्री-फेज वीज, गेटवरचा वॉचमन इस्टेटचा, शटरला कुलूप लावणं आणि आत कोणाला घ्यायचं हे ठरवणं गाळेवाल्याचं.

इस्टेटचा भाग किती चोख असतो, याचा पुरावा जानेवारी २०१८ मध्ये मिळाला. मेल्टडाउन आणि स्पेक्टर नावाचे दोष तेव्हा उघड झाले. प्रोसेसरच्याच रचनेतल्या या दोषांमुळे एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या मेमरीत डोकावता येत होतं. एकाच यंत्रावर अनेक ग्राहक बसवणाऱ्या क्लाउडसाठी याहून भयंकर बातमी नसावी. पण बातमी फुटली तेव्हा मोठ्या क्लाउड कंपन्यांनी आपली बहुतेक यंत्रं आधीच दुरुस्त करून ठेवली होती. ग्राहकाला मात्र त्यावरच्या स्वतःच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, स्वतःच टाकायचा होता. हा मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही. तुम्ही फक्त ईमेलची सेवा घेतली असेल, तर खालचं सगळं कंपनी सांभाळते. अख्खं आभासी यंत्र, म्हणजे मोठ्या यंत्रात सॉफ्टवेअरनं वेगळा काढलेला संगणक, भाड्यानं घेतलं असेल, तर त्यावरचं विंडोज किंवा लिनक्स तुमचं आणि त्याचे पॅचही तुमचेच.

आता ग्राहकाच्या भागाकडे जरा जवळून पाहू. मुलुंड-घाटकोपरकडच्या कुठल्याही सीए ऑफिसात घडू शकेल अशी गोष्ट आहे. लॉकडाउनमध्ये टॅली 'क्लाउडवर' गेलं. म्हणजे मुंबई विभागात विंडोजचं एक यंत्र भाड्यानं घेतलं, त्यावर टॅली चढवलं, आणि आर्टिकल करणारी शिकाऊ मुलं डोंबिवली-बदलापूरहून रिमोट डेस्कटॉपनं, म्हणजे त्याचा पडदा दुरूनच आपल्या संगणकावर उघडून, त्यात शिरू लागली. रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट, म्हणजे यंत्रात शिरायचं त्याचं ठरलेलं दार, ३३८९ क्रमांकाचा. यंत्रापुढे क्लाउडचं स्वतःचं फायरवॉल असतंच, तेही फुकट. इंटरनेटवरच्या कोणत्या पत्त्यावरून (आयपी) आत येऊ द्यायचं, ते तिथल्या रकान्यात लिहायचं. सेटअप करणाऱ्यानं सुरुवातीला प्रत्येकाच्या घरचा पत्ता इमानेइतबारे भरला. पण घरगुती ब्रॉडबँडचा पत्ता कायम नसतो, राउटर बंद-चालू केला तरी बदलू शकतो. मग रोज सकाळी कोणाचा तरी फोन: 'दादा, लॉगिन होत नाहीये.' त्यात जुलै अखेरची रिटर्नची घाई. शेवटी वैतागून त्यानं रकान्यात ०.०.०.०/० टाकलं. याचा अर्थ अख्खं जग. फोन बंद झाले, सगळे खूश.

अख्ख्या जगाला हे दार सापडायला किती वेळ लागतो? जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते एकूण सुमारे ४३० कोटी आहेत. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन तयार केलं. एका साध्या यंत्रावरून, गिगाबिट जोडणीवर, या सगळ्या पत्त्यांवरचा एखादा पोर्ट उघडा आहे का हे ते ४५ मिनिटांच्या आत तपासू शकत होतं. आज असं चाचपत फिरणारे बॉट दिवसरात्र चालू असतात. त्यांना मुलुंडच्या सीएशी काही देणंघेणं नसतं. उघडा पोर्ट दिसला की पासवर्ड मारत सुटायचं, एवढंच त्यांचं काम.

विश्वास बसत नसेल तर एक लिनक्स यंत्र सुरू करा, दुरून लॉगिन करायचा पोर्ट २२ जगाला उघडा ठेवा आणि काही तासांनी लॉगिनची नोंदवही उघडा. 'इनव्हॅलिड युजर ॲडमिन', 'इनव्हॅलिड युजर ओरॅकल', 'इनव्हॅलिड युजर टेस्ट', 'इनव्हॅलिड युजर पोस्टग्रेस' अशा ओळी एकाखाली एक लागलेल्या दिसतील. आणि हे सगळे प्रयत्न वाया जातात, कारण क्लाउडवरच्या तयार लिनक्समध्ये पासवर्डनं शिरण्याची सोय सहसा बंदच ठेवलेली असते. तिथे क्रिप्टोग्राफिक की, म्हणजे अंदाजानं न सापडणारी लांबलचक डिजिटल किल्ली लागते. कीची फाईल सांभाळायचा कंटाळा येऊन कोणी पासवर्ड चालू केला, की मग खेळ बदलतो. पोर्ट मुळात न उघडताच यंत्रात शिरायची सोयही आता मिळते. ॲमेझॉनवर तिला सेशन मॅनेजर म्हणतात आणि तिथल्या यंत्रांसाठी तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. टॅलीवाल्या त्या ऑफिसला महागड्या सिक्युरिटी संचाची गरज नव्हती. ही सोय किंवा साधा व्हीपीएन (ऑफिसपुरता बंदिस्त मार्ग), आणि लॉगिनला पासवर्डनंतर मोबाइलवरच्या कोडसारखा दुसरा टप्पा, एवढ्यानं भागलं असतं.

हा दुसरा टप्पा किती मोलाचा आहे, ते २०२४ मध्ये स्नोफ्लेक या डेटा साठवणाऱ्या क्लाउड सेवेच्या ग्राहकांना कळलं. सुमारे १६५ संस्थांच्या डेटाला धोका निर्माण झाला. स्नोफ्लेकची यंत्रणा कोणी भेदली नव्हती. पासवर्ड चोरणाऱ्या व्हायरसनं कर्मचाऱ्यांच्या वगैरे संगणकांवरून पासवर्ड आधीच उचलले होते, त्यातले काही तर काही वर्षं जुने, तरी बदललेले नव्हते. त्या खात्यांना दुसरा टप्पा नव्हता. यूपीआयला पिन मागतात म्हणून आपण कुरकुरत नाही, पण सगळ्या ग्राहकांची माहिती असलेल्या खात्याला नुसता पासवर्ड चालतो!

सगळ्यात शिकण्यासारखं प्रकरण कॅपिटल वन या अमेरिकी बँकेचं. २०१९ मध्ये तिच्या अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी आणि कॅनडातल्या सुमारे ६० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. डेटा ॲमेझॉनच्या क्लाउडवर होता. बँक गरीब नव्हती, अडाणी नव्हती, आणि वेब फायरवॉल हे जादा सुरक्षेचं साधनही तिनं लावलेलं होतं. घुसखोर आत शिरली ती त्याच फायरवॉलमधून.

झालं ते असं. ॲमेझॉनवरच्या प्रत्येक आभासी यंत्राला १६९.२५४.१६९.२५४ या ठरावीक पत्त्यावर स्वतःबद्दलची माहिती विचारता येते. 'मी कोण, मला कशाकशाची परवानगी आहे' असं विचारलं की तात्पुरत्या किल्ल्या मिळतात. पासवर्ड कुठे लिहून ठेवावा लागत नाही, ही खरं तर उत्तम सोय. या पत्त्यावर फक्त यंत्राच्या आतूनच पोहोचता येतं, बाहेरून नाही. पण फायरवॉलची मांडणी चुकीची होती. बाहेरच्या माणसानं सांगितलेल्या पत्त्यावर ते स्वतः जाऊन विचारत असे आणि आलेलं उत्तर त्याला आणून देत असे. घुसखोरानं त्याला हाच पत्ता विचारायला लावला आणि किल्ल्या हातात पडल्या.

तरीही नुकसान थोडक्यात आवरलं असतं. फायरवॉलला ग्राहकांच्या फायली वाचायची गरज काय? काहीच नाही. पण त्याला दिलेल्या परवानगीत बकेटांची, म्हणजे क्लाउडवर फायली ठेवायच्या कप्प्यांची, यादी पाहणं आणि त्यातलं वाचणं दोन्ही बसत होतं. डेटा एन्क्रिप्टही केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात होता. त्याचा उपयोग झाला नाही, कारण वैध परवानगीनं मागणाऱ्याला क्लाउड तो उलगडूनच देतो. कोणी तरी इमारतीतून डिस्क उचलून नेली, तर एन्क्रिप्शन कामाला येतं. अधिकृत ओळख वापरून आलेल्या चोरापुढे ते गप्प बसतं. 'आमचा डेटा एन्क्रिप्टेड आहे' हे वाक्य विक्रेत्यांच्या तोंडी फार असतं, म्हणून हे जरा सविस्तर सांगितलं. बँकेला चोरीचा पत्ता लागला तोसुद्धा बाहेरच्या एका माणसानं ईमेल केल्यावर. पुढच्या वर्षी तिला ८ कोटी डॉलर दंड झाला. ॲमेझॉननं त्या पत्त्याची नवी, अशा फसवणुकीला दाद न देणारी पद्धत नोव्हेंबर २०१९ मध्ये आणली.

कंपन्यांच्या डिफॉल्ट सेटिंग्जही अशाच ठेचा खात सुधारल्या आहेत. ॲमेझॉनवरची नवी बकेट जानेवारी २०२३ पासून आपोआप एन्क्रिप्ट होते, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलपासून ती जगाला खुली होणंही आधीच अडवलेलं असतं. जुन्या बकेटा मात्र तुम्हालाच तपासायच्या आहेत. टोयोटानं २०२३ मध्ये जाहीर केलं, की क्लाउडच्या चुकीच्या मांडणीमुळे जपानमधल्या सुमारे २१.५ लाख ग्राहकांच्या गाड्यांची माहिती २०१३ पासून उघडी होती. जवळजवळ दहा वर्षं!

म्हणजे इस्टेटवाल्यांची चूक कधीच नसते? असते. २०२३ मध्ये उघड झालं, की चीनमधल्या समजल्या जाणाऱ्या एका गटानं मायक्रोसॉफ्टची ओळखपत्रांवर डिजिटल सही करणारी एक की मिळवली होती. तिच्या आधारानं बनावट ओळखपत्रं तयार करून त्यांनी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यासह वीसेक संस्थांची ईमेल खाती वाचली. ग्राहकाची सगळी सेटिंग्ज अचूक असती तरी हा हल्ला झालाच असता. अमेरिकेच्या सरकारी चौकशी मंडळानं २०२४ मधल्या अहवालात मायक्रोसॉफ्टलाच धारेवर धरलं. परराष्ट्र खात्याला हे कळलं कसं, तर त्यांनी महागडं लायसन्स घेतलं होतं. कोणती ईमेल कोणी उघडली याची बारीक नोंद त्यातच मिळत असे. साधं लायसन्स असलेल्यांना हे दिसूच शकत नव्हतं. बोंबाबोंब झाल्यावर मायक्रोसॉफ्टनं ही नोंद साध्या लायसन्समध्येही द्यायला सुरुवात केली. सुरक्षेसाठी जादा पैसे कुठे मोजावेत, असं मला विचारलं तर पहिलं उत्तर हेच: नोंदींवर.

बाकीच्या प्रॉडक्टांबद्दल माझं मत थोडं सावध आहे. दोन-तीन क्लाउडवर शेकडो यंत्रं पसरली असतील, तर कुठे काय उघडं राहिलंय हे माणसानं डोळ्यांनी तपासणं अशक्य. तिथे मांडणी तपासणारं साधन पैसे वसूल करतं. रात्री तीनला आलेला इशारा बघायला कोणी बसलेलं असेल, तर पाळत ठेवणारी सेवाही घ्यावी. बघायलाच कोणी नसेल तर ते इशारे इनबॉक्सात पडून राहतात. आणि प्रत्येक सुरक्षा प्रॉडक्टला स्वतःला भरपूर अधिकार द्यावे लागतात, हे कोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक आडवे झाले, आणि आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. हल्लेखोर कोणीच नव्हता.

कायद्यापुढे 'क्लाउडवाल्याची चूक' ही सबब फारशी चालत नाही. बीकेसीतल्या सेबीनं मार्च २०२३ च्या क्लाउड चौकटीत स्पष्ट केलंय, की जबाबदारी क्लाउड वापरणाऱ्या संस्थेचीच. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यातही दुसऱ्याकडून काम करवून घेतलं तरी उत्तरदायी तुम्हीच, आणि पुरेशी काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत.

सायबर घटना हाताळणाऱ्या सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या. ॲमेझॉनच्या क्लाउडट्रेल या नोंदी ठेवणाऱ्या सेवेत खात्यात कोणी काय बदललं याचा इतिहास आपोआप दिसतो, पण फक्त ९० दिवसांचा. पुढचे ९० दिवस हवे असतील तर 'ट्रेल' तयार करून नोंदी एका बकेटमध्ये पाठवाव्या लागतात. कन्सोलमध्ये दहा मिनिटांचं काम आहे आणि छोट्या ऑफिसला साठवणुकीचा खर्च किरकोळ येतो. ती बकेट शक्यतो वेगळ्या खात्यात ठेवा. त्याच खात्यात ठेवली, तर ज्याच्या हाती खातं लागेल तो जाता जाता नोंदीही पुसून जाईल.