कोल्हापूर–मुंबई विमान: तिकिटावरचा तास आणि प्रवासाचा वेळ

“मुंबईला विमानानं किती वेळ लागतो?” हा प्रश्न आमच्या तिकीट बुकिंगच्या काउंटरवर रोज येतो. आम्ही उलट विचारतो, “मुंबईत नेमकं कुठं जायचंय?”

उजळाईवाडीपासून, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळापासून, मुंबई विमानतळ सरळ रेषेत सुमारे 310 किलोमीटर. रस्त्यानं पावणेचारशेच्या आसपास. रेल्वे मिरज-पुण्यावरून जाते, तिचं अंतर 518. मोबाइलवर हे तिन्ही आकडे दिसतात आणि माणूस गोंधळतो. आकडे तिन्ही बरोबर आहेत, वाटा वेगळ्या.

पंख्याचं एटीआर विमान ताशी 500 किलोमीटरच्या आसपास उडतं. त्या हिशोबानं 310 किलोमीटरला चाळीस मिनिटंसुद्धा लागू नयेत. मग तिकिटावर तासाभराचा वेळ का? कारण तो वेळ विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरणं, सगळं त्यातच. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळं दोन्हींवर एकाच वेळी विमानं उतरवता येत नाहीत. गर्दी असली की वरच घिरट्या. जेट जास्त वेगाचं खरं, पण एवढ्याशा अंतरात त्याचा निम्मा वेळ चढण्या-उतरण्यातच जातो, म्हणून फरक थोड्या मिनिटांचाच पडतो.

आता घरापासूनचा हिशोब करा. शहरातून उजळाईवाडीला अर्धा तास धरा. चेक-इनचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, म्हणजे पोचायचं दीड तास आधी. उड्डाण तासाभराचं. सामान हातात येईपर्यंत अर्धा तास, आणि पुढं दादरपर्यंत मुंबईच्या ट्रॅफिकची मर्जी. एकूण साडेचार तास धरून चाला. गाडीनं सात-आठ तास लागतात. सकाळी लवकरचं काम असेल तर रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस आम्हाला अजूनही बरी वाटते, झोपही होते. तिकीट विमानाचं खपलं तर आमचा फायदा, तरी सांगतोय.

पुढं दुबईला जाणार असाल तर एक लक्षात ठेवा: तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. दुबई आपल्या दीड तास मागं आहे. दहाला निघून साडेअकराला पोचलात, तर प्रवास तीन तासांचा झाला. आणि दोन वेगवेगळी तिकिटं काढून मधे दीड तासच ठेवू नका. पहिलं विमान लेट झालं तर दुसरी कंपनी थांबत नाही, पैसेही परत मिळतील असं नाही. मुंबईत चार तास ठेवा, टर्मिनल बदलायचं असेल तर त्याहून जास्त.

जाता जाता: कांदा-लसूण चटणी आणि लोणचं हातातल्या बॅगेत ठेवू नका. तिखट केबिनमध्ये चालत नाही, तपासणीत काढून घेतात. डबा नीट बांधून मोठ्या बॅगेत घाला.