पपईचा देठ, केळीचा देठ आणि सायकलचा दांडा

आमच्या परसात पपई आणि केळ शेजारीशेजारी उभ्या आहेत. पपईच्या पानाचा देठ म्हणजे लहानपणी साबणाचे फुगे काढायची नळी. तो दोन्ही हातांत धरून पिळून बघा, दाद देत नाही. आता सुरीने त्याला एका बाजूने उभी चीर द्या आणि पुन्हा पिळा. सहज पिळला जातो. देठातलं काहीच काढून घेतलेलं नाही, फक्त बंद घेर उघडा झाला. केळीच्या पानाचा देठ तर निसर्गानेच पन्हळीसारखा उघडा ठेवलाय. पान जड, म्हणून देठ खाली वाकता कामा नये. पण समुद्रावरून वारा सुटला की तोच देठ पीळ घेतो, पान वाऱ्याच्या दिशेला फिरतं आणि वाऱ्याचा मार कमी बसतो.

सायकलच्या फ्रेमला नेमकं उलटं हवं असतं. दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याच्या धक्क्यावर उतरलं की खाडीपासून वर सड्यापर्यंत चढ लागतो. सीटवरून उठून अख्खं वजन एका पायडलवर टाकावं लागतं. हे पायडल सायकलच्या मधल्या रेषेत नसतं, अर्ध्या वितेहून जरा बाहेरच असतं. त्यामुळे प्रत्येक पावलागणिक फ्रेमचा खालचा भाग, जिथे क्रँकचा, म्हणजे पायडल धरणाऱ्या दांड्यांचा, आस बसतो तो, बाजूला ढकलला जातो आणि हँडलपासून तिथवर येणारा तिरपा दांडा पिळला जातो. सायकल ‘ताठ’ आहे की ‘ढिली’ हे अंगाला कळतं ते इथे.

हा ताठपणा येतो कुठून? महागड्या पोलादातून येतो असा समज फार पसरलेला आहे, आणि तो चूक आहे. साधं पोलाद घ्या नाहीतर उत्तम मिश्रधातू, त्याचा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे धातूच्या ताठपणाचं माप, 200 ते 210 गिगापास्कलच्या आसपासच राहतो. महाग पोलाद जास्त *मजबूत* असतं, म्हणजे ते कायमचं वाकायला किंवा तुटायला जास्त जोर लागतो. मजबुती वाढली की नळीची भिंत पातळ ठेवता येते आणि वजन वाचतं. सायकलच्या नळ्यांसाठी पुढे नावाजलेल्या, बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स यांनी 1897 मध्ये टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचं पेटंट घेतलं. सांध्यापाशी ताण जास्त असतो, तिथे धातू ठेवायचा आणि मधला काढून टाकायचा. 1935 मध्ये आलेल्या त्यांच्या ‘531’ नळ्यांवर पुढे कित्येक दशकं शर्यतीच्या सायकली बांधल्या गेल्या.

धातूचा ताठपणा बदलत नसेल, तर हातात उरतो आकार. आणि आकाराचा हिशोब जबरदस्त आहे. पातळ नळीची भिंत दुप्पट जाड केली तर ताठपणा दुप्पट होतो, पण व्यास दुप्पट केला तर आठपट होतो. तिरप्या दांड्याचं जुनं माप 28.6 मिलिमीटर. पुढे 31.8 चे दांडे रुळले. फरक जेमतेम तीन मिलिमीटरचा, पण भिंत तेवढीच ठेवली तर वजन 11 टक्क्यांनी वाढतं आणि ताठपणा जवळजवळ 37 टक्क्यांनी. मग व्यास वाढवतच का नेत नाहीत? कारण वजन आवरायला भिंत पातळ करावी लागते आणि फार पातळ भिंतीची मोठी नळी डब्याच्या पत्र्यासारखी चेपते.

आता दाबून अंडाकृती केलेल्या नळीकडे येऊ. गोल नळी दाबून तिच्या छेदाची लांबी-रुंदी 3:2 केली, धातू तेवढाच ठेवला, तर लांब अक्षाच्या दिशेने वाकायला होणारा विरोध सुमारे 25 टक्क्यांनी वाढतो. आडव्या दिशेने तो 30 टक्क्यांहून थोडा जास्तच घटतो. आणि पिळाला होणारा विरोध साधारण 10 टक्क्यांनी कमी होतो. एका बाजूचा ताठपणा उचलून दुसऱ्या बाजूला दिला, वर थोडी तूटही सोसली. पिळाच्या बाबतीत गोल नळीला तोड नाही, कारण तेवढ्याच घेरात सर्वात जास्त जागा वर्तुळच कोंडतं. म्हणून शहाणा कारागीर दांडा मध्ये गोल ठेवतो आणि टोकांनाच आकार देतो: क्रँकपाशी आडवा अंडाकृती, म्हणजे बाजूचा जोर झेलला जातो, हँडलपाशी उभा, म्हणजे ब्रेक आणि खड्डे झेलले जातात. कोलनागो या इटालियन सायकल कंपनीच्या 1983 च्या ‘मास्टर’ सायकलच्या नळ्यांना चांदणीसारख्या खाचा होत्या. त्या मला अतिशय सुंदर वाटतात, पण तेवढ्याच धातूची गोल नळी पिळाला जास्त विरोध करते, हे मान्य करावंच लागतं.

आणि चीर दिलेली नळी? 28.6 मिलिमीटर व्यासाच्या, 0.8 मिलिमीटर भिंतीच्या नळीला उभी चीर दिली तर तिचा पिळाला होणारा विरोध सुमारे 900 पटींनी घसरतो. म्हणून फ्रेमला उभी भेग दिसली तर ती सायकल चालवू नका.

‘पोलादी फ्रेम मऊ चालते’ हे मात्र जपून घ्यावं. फ्रेम त्रिकोणांची असते आणि त्रिकोण उभ्या दिशेने जवळजवळ लवतच नाही. जांभ्याच्या कचावरून जाताना टायर काही मिलिमीटर दबतो, फ्रेम त्यापुढे नगण्य. थोडाफार धक्का पुढचा चिमटा खातो, कारण त्याचं खालचं टोक मोकळं असतं. 1996 मध्ये एका अमेरिकन सायकल मासिकासाठी कोलंबस या इटालियन नळी कंपनीच्या सात वेगवेगळ्या नळीसंचांच्या, बाकी सारख्या सात फ्रेम बांधल्या होत्या. कोणती कुठल्या नळ्यांची हे न सांगता त्या चालवल्या, तेव्हा नेमका फरक ओळखणं फार अवघड गेलं. सागरी महामार्गावर हात बधिर होत असतील तर नवी फ्रेम बघू नका. आधी 28 च्या जागी 38 मिलिमीटरचे टायर बसतात का ते बघा आणि हवा थोडी कमी करा.

कोकणात पोलादी फ्रेम घेताना आणखी एक हिशोब असतो, खाऱ्या हवेचा. चांगल्या नळीची मधली भिंत जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. सीटच्या खांबाच्या फटीतून पाणी आत शिरतं आणि तळाशी क्रँकपाशी साठतं, म्हणजे जिथे सर्वात जास्त जोर येतो तिथेच. बाहेरून रंग चकचकीत आणि आतून गंज. मी दरवर्षी मिरगाच्या आधी सीट काढते, सायकल उलटी टांगते, तळाचं भोक तारेने मोकळं करते आणि आत जवसाचं तेल फिरवून दोन दिवस निथळत ठेवते. तेल वाळून आत पातळ थर धरतो. गेल्या वर्षी त्या भोकातून चमचाभर लाल पाणी निघालं होतं. यंदा कोरडं होतं.